मोठी अलॉय चाकं बसवताना टायर घासू नये म्हणून

दुकानाच्या दारात गाडी रिकामी असते आणि खाली सपाट काँक्रीट असतं. नवी चाकं चढतात, मालक एक चक्कर मारून येतो, कुठे काही लागत नाही, पैसे चुकते होतात. मग गणपतीला तीच गाडी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कुंभार्ली घाट उतरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मागून ‘खर्रर्र’ ऐकू येतं. टायर घासतो तो भरलेल्या गाडीत, पूर्ण वळलेल्या स्टिअरिंगवर किंवा चाक खड्ड्यात उतरताना. म्हणून मोजमाप रिकाम्या गाडीचं घेतलं तरी हिशोब भरलेल्या गाडीचाच धरायचा.

‘सोळा इंची लावली म्हणून घासते’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर रिम एक इंचाने वाढली तरी टायरची भिंत वर-खाली मिळून तेवढी कमी केली की चाकाचा एकूण व्यास जागच्या जागी राहतो. घासण्याचं कारण बहुतेक वेळा रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं, हे असतं, आणि दुकानात याच दोन आकड्यांकडे कुणी बघत नाही.

आधी मूळ माप वाचा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर दिसतो. त्यावर कंपनीने मान्य केलेले टायरचे साइज आणि हवेचं प्रेशर छापलेलं असतं. समजा तिथे १८५/६५ आर१५ आहे. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची भिंत, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. एकूण व्यास असा काढतात: १५ × २५.४ = ३८१, भिंत १८५ × ०.६५ = १२०.२५, ती वर-खाली दोनदा म्हणजे २४०.५. बेरीज ६२१.५ मिमी. नवा साइज या आकड्याच्या किती जवळ आहे ते बघायचं:

१९५/५५ आर१६ – ६२०.९ मिमी, जवळजवळ तोच.
२०५/५५ आर१६ – ६३१.९ मिमी, पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जास्त.
१९५/६० आर१६ – ६४०.४ मिमी, तीन टक्के जास्त.
२०५/४५ आर१७ – ६१६.३ मिमी, एक टक्क्याहून थोडा कमी.

व्यास १९ मिमीने वाढला की टायर लायनरच्या, म्हणजे फेंडरच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या, साडेनऊ मिमी जवळ जातो, वर, पुढे आणि मागे तिन्ही बाजूंनी. लायनर आणि टायरमध्ये मुळात फार जागा नसते, त्यात एक सेंटिमीटर जाणं म्हणजे बरंच काही जाणं. स्पीडोमीटरही तेवढाच मागे पडतो. तीन टक्के मोठ्या टायरवर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी साधारण ८२.४ वर असते. दीड टक्क्याच्या आत राहिलात तर व्यासामुळे घासणं, स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) यांपैकी कशाचाच त्रास होत नाही.

यादीतला पहिला पर्याय कंपन्याही वापरतात. मारुती बलेनोच्या खालच्या व्हेरिअंटला १८५/६५ आर१५ आणि वरच्याला १९५/५५ आर१६ येतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला जे चाक येतं, त्याची रुंदी आणि ऑफसेट शोधून तेवढंच घेतलं तर पुढचा निम्मा लेख वाचायची गरज नाही. तिथली जागा कंपनीने आधीच मोजलेली असते.

सतरा इंचांबद्दल स्पष्टच सांगायचं तर कोकणात हॅचबॅकला ती नकोत. १८५/६५ ची भिंत १२० मिमी, १९५/५५ ची १०७, आणि २०५/४५ ची फक्त ९२. जुलैत पाण्याने भरलेला खड्डा केवढा खोल आहे ते वरून कळत नाही. ९२ मिमीच्या भिंतीत हवा कमी, दणका सरळ रिमला. मग भिंतीवर टेंगूळ येतं किंवा रिमचा काठ वाकतो, आणि टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. एक इंच वाढवणं पुरे.

टायरवरचा भार-क्रमांकही बघून घ्या. १८५/६५ आर१५ वर ८८ असतो म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर१६ सहसा ८७ चा असतो, ५४५ किलो. २०५/५५ आर१६ चा ९१, म्हणजे ६१५ किलो. मूळपेक्षा कमी क्रमांक फक्त तेव्हाच घ्या जेव्हा कंपनीच्या स्टिकरवर तो साइज छापलेला असेल. नसेल तर त्याच साइजचा जादा भाराचा, ‘एक्सएल’ लिहिलेला टायर मागा.

ऑफसेट, म्हणजे चाक आत की बाहेर

रिमच्या मागे किंवा स्पोकच्या आतल्या बाजूला ‘ईटी ४५’ असं काहीतरी कोरलेलं असतं. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर नटांनी बसतं त्या भागाला, टेकणारा भाग किती मिमी बाहेर आहे, तो हा आकडा. तो जितका कमी, तितकं चाक बॉडीबाहेर. रिमची रुंदी ‘जे’ मध्ये, इंचात मोजतात: ५.५ जे, ६ जे, ६.५ जे.

टायर कुठे जाऊन बसणार हे कागदावर दोन मिनिटांत काढता येतं. टायरच्या रुंदीचा अर्धा घ्या. त्यात ईटी मिळवला की हबपासून आतली कड, वजा केला की बाहेरची कड. टायरची छापील रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतली तर टायर साधारण ५ मिमीने पसरतो, हेही धरायचं.

मूळ चाक १५ इंची ५.५ जे, ईटी ४५, टायर १८५ चा आहे असं समजू. आतली कड ९२.५ + ४५ = १३७.५, बाहेरची ९२.५ − ४५ = ४७.५.

आता १९५ चा टायर १६ इंची ६ जे, ईटी ४५ वर. आत १४२.५, बाहेर ५२.५. दोन्हीकडे ५ मिमी वाढले. बहुतेक हॅचबॅकमध्ये हे खपतं, फक्त आत शॉकअपपाशी जागा मोजून घ्यायची.

तोच टायर ६.५ जे, ईटी ३८ वर. इथे टायर पसरून २०० चा झाला. आत १३८, बाहेर ६२. आत काहीच बदल नाही, बाहेर मात्र १४.५ मिमी.

आणि दुकानाच्या भिंतीवर सगळ्यात झकास दिसणारं, खोल काठाचं ७ जे, ईटी २५. टायर २०५ चा झाला. आत १२७.५, बाहेर ७७.५. म्हणजे चाक तब्बल ३० मिमी बाहेर. फेंडरच्या बाहेर डोकावणार, लाल चिखल थेट दरवाजाच्या हँडलपर्यंत उडणार, आणि डिकी भरली की मागची कड टायरवर बसणार.

यात एक गोष्ट फसवी आहे. चाक बाहेर गेलं म्हणजे फक्त बाहेरच्या फेंडरला लागेल असं वाटतं. पण स्टिअरिंग वळतं तेव्हा पुढचं चाक एका ठरावीक अक्षाभोवती फिरतं. चाक त्या अक्षापासून लांब गेलं की टायरचा कोपरा मोठा वळसा घेतो आणि बंपरच्या मागच्या कडेला किंवा लायनरच्या मागच्या बाजूला, पायाशी येणाऱ्या भागाला लागतो. म्हणून कमी ईटीची चाकं सपाट जागेत रिव्हर्स घेतानाही घासतात. शिवाय स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात हाताला झटके बसतात आणि बेअरिंग लवकर बोलायला लागतं.

मूळ ईटीच्या ५ ते ७ मिमीच्या आत राहा आणि रिमची रुंदी अर्ध्या इंचाहून जास्त वाढवू नका.

गाडीवर मोजमाप

जॅक, दोन स्टँड, टेप, एक फुटी पोलादी पट्टी, टॉर्च आणि ५ मिमीचं ड्रिल बिट एवढं साहित्य पुरतं. अंगणातल्या मातीवर, त्यातही पावसाळ्यात, जॅकखाली जाड फळी ठेवल्याशिवाय गाडी उचलू नका. जांभ्याच्या चिऱ्यावर तर गाडी कधीच टेकवू नका. चिरा वरून दणकट वाटतो आणि मधोमध तडकून जातो.

पहिल्यांदा गाडी जमिनीवर असतानाच चारही चाकांच्या मध्यापासून बरोबर वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत उंची मोजा. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसली आहे किंवा शॉकअप गेलाय. ते काम आधी करून घ्या. बसलेल्या स्प्रिंगवर मूळ साइजचा टायरही घासतो.

मग पोलादी पट्टी फेंडरच्या कडेवर उभी धरून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. हा बाहेरचा मोकळेपणा. आत हात घालून टायर आणि शॉकअपच्या नळीमध्ये, विशेषतः खालच्या स्प्रिंग-बशीपाशी, किती जागा आहे ते बघा. तिथे टेप जात नाही म्हणून ड्रिल बिट. नवं चाक बसल्यावर हे ५ मिमीचं बिट आरामात फिरलं पाहिजे. तेवढी जागा उरणार नसेल तर ते चाक घेऊ नका. वळणावर टायरची भिंत झुकते, ती जागा तिला हवी असते. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूलाही बघा, तिथे सस्पेन्शनचा आर्म आणि हँडब्रेकची केबल असते.

स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून लायनरपर्यंतचं सगळ्यात कमी अंतरही टिपून ठेवा. आणि लायनर मुळात जागेवर आहे ना ते बघा. कोकणात घासण्याच्या तक्रारीत हेच वरचेवर सापडतं: साठलेल्या पाण्यातून गाडी जोरात नेली की पाण्याच्या दाबाने लायनरचे प्लास्टिकचे क्लिप तुटतात, मागे लाल माती भरून राहते, लायनर फुगून खाली येतो आणि दोष नव्या चाकांवर जातो. चार क्लिप बदलून काम झालं असतं.

पीसीडी, मधलं भोक आणि नट

‘भाऊ, सगळ्या गाड्यांना बसतं’ हे वाक्य ऐकू आलं की व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, काढा. पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्ट आणि बलेनोचा ४×१००, पोलोचा ५×१००, क्रेटाचा ५×११४.३, जिम्नीचा ५×१३९.७. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यातलं अंतर मोजलं की पीसीडी मिळतो. पाच भोकांत शेजारच्या दोन भोकांच्या मध्यातलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. ६७.२ आलं तर ११४.३, ६५.८ आलं तर ११२. दीड मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही. ४×९८ चं चाकही ४×१०० च्या हबवर नट आवळून चढवता येतं. चढतं, पण तिरकं बसतं, स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट बसतात ते खिळे) ताणले जातात आणि एक दिवस तुटतात.

मधलं भोक दुसरी गोष्ट. स्विफ्ट आणि बलेनोचा हब ५४.१ मिमीचा आहे. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा ६७.१ किंवा ७३.१ असतं, एकच रिम अनेक गाड्यांना विकता यावी म्हणून. मधली पोकळी हब-रिंगने भरायची. रिंग नसेल तर चाक केवळ नटांवर मध्यभागी येतं आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी रिंग प्लास्टिकची घ्यावी. ॲल्युमिनियमची रिंग खाऱ्या हवेत लोखंडी हबवर अशी चिकटते की छिन्नी लावावी लागते.

नटाची बैठक जुळणं सगळ्यात महत्त्वाचं. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा शंकूसारखा नट लागतो. होंडाच्या मूळ अलॉयचे नट गोल बुडाचे, फोक्सवॅगन आणि स्कोडाचे बोल्टही गोल बुडाचे. गोल नट शंकूच्या भोकात नुसता कडेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, चालता चालता सैल होतो. आटेही जुळले पाहिजेत: मारुतीला एम१२×१.२५, ह्युंदाई आणि होंडाला एम१२×१.५. नट हाताने फिरवून बघा. एम१२×१.२५ ला निदान नऊ-दहा आणि एम१२×१.५ ला आठ पूर्ण फेरे मिळायला हवेत.

ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग) स्पोकच्या मागच्या बाजूला लागतो का, तेही टायर चढवण्याआधीच कळतं. नुसती रिम हबवर लावून दोन नटांवर धरा आणि हाताने पूर्ण फिरवा. सगळीकडे ३ मिमी तरी फट हवी. बॅलन्सिंगचं चिकटवायचं वजन नेमकं कॅलिपरसमोर आलं तर तीही फट संपते, हे बॅलन्सिंगवाल्याला आधी सांगा.

रिमवर आयएसआयची खूण आणि भार किलोमध्ये कोरलेला आहे का बघा. तो आकडा गाडीच्या जड एक्सलवरच्या कमाल भाराच्या निम्म्याहून जास्त असावा. काहीच कोरलेलं नाही, अशा रिमला हात लावू नका, किंमत कितीही कमी असो.

टायर चढवण्याआधी आणि नंतर: चाचणी

दुकानदाराशी व्यवहार करतानाच ठरवून घ्या की आधी एकाच रिमवर टायर चढवून पुढे आणि मागे लावून बघणार. टायर चढल्यावर रिमच्या काठावर खुणा पडतात आणि मग परत कुणी घेत नाही. एक रिम अडकली तर चार अडकण्यापेक्षा बरं.

चाक पुढे लावा, स्टिअरिंग सरळ ठेवा. शाडूच्या मातीच्या अंगठ्याएवढ्या जाड गोळ्या करून लायनरवर पुढे, वर आणि मागे चिकटवा. फेंडरच्या आतल्या कडेला एक आणि शॉकअपच्या बशीसमोर एक पातळ. लायनर आधी पुसून कोरडा करा, नाहीतर माती धरत नाही. मुलांची खेळायची चिकणमातीही चालते. आता गाडी भरा: पुढे दोघं, मागे तिघं, डिकीत पन्नास किलो. माणसं जमत नसतील तर मागच्या सीटखालच्या पायाच्या जागेत आणि डिकीत मिळून सिमेंटची चार-पाच पोती ठेवा, खाली जाड प्लास्टिक अंथरून.

भरलेली गाडी जागेवर उभी ठेवून काही कळत नाही. तिला मुरडावं लागतं. रुंद लाकडी फळ्या एकावर एक ठेवून बारा-पंधरा सेंटिमीटर उंचवटा करा आणि पुढचं डावं चाक व मागचं उजवं चाक एकाच वेळी त्यावर चढवा. चाक अर्धंमुर्धं न टेकता पूर्ण रुंदीने फळ्यांवर बसलं पाहिजे. मग आत बसलेल्याने स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि बाहेरच्याने टॉर्च मारून बघायचं. गाडीखाली कुणी जायचं नाही. नंतर बाजू बदलून तेच.

खाली उतरवून मातीच्या गोळ्या काढून बघा. गोळी दाबून जेवढी उरली, तेवढी त्या जागेची खरी फट. लायनरपाशी ८ ते १० मिमी, फेंडरच्या कडेपाशी बोटभर, शॉकअपपाशी ५ मिमी असेल तर निर्धास्त व्हा. गोळी चिरून टायरच्या नक्षीचा ठसा पडला असेल तर ती जागा घासणार हे ठरलेलं.

रस्त्यावरची चाचणी मग. लायनरवर खडू चोळा, भरलेली गाडी घेऊन एखादा गतिरोधक तिरका, एका वेळी एक चाक असा घ्या. घाटातलं एक डावं आणि एक उजवं चढाचं वळण घ्या. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळसारख्या फेरीवर गाडी नेणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी रॅम्पवर चढून बघावं. तेव्हा उतार जास्त उभा असतो, स्टिअरिंग वळलेलं असतं आणि पुढचं चाक खोल बसतं, तिन्ही एकदम. तिथे लागलं नाही तर फारसं कुठे लागणार नाही. घरी येऊन खडू कुठे पुसला गेला ते बघा.

कुठे घासतं त्यावर इलाज

चालत्या गाडीत लयीत ‘फट् फट्’ येत असेल तर बहुतेक वेळा मडफ्लॅपच असतो. बाजारातले जाड मडफ्लॅप मोठ्या टायरला आधी लागतात. कोकणात मडफ्लॅप काढून टाकणं हा इलाज नाही, लाल चिखल सगळी बॉडी खातो. स्क्रू काढून तो एक सेंटिमीटर मागे सरकवा किंवा आतली कड तासा.

पूर्ण वळवल्यावर लायनरला हलकं घासतं, तेही रिव्हर्समध्ये. इथे आधी क्लिप नवे घाला. तरी लागत असेल तर हीट गनने तेवढाच भाग मऊ करून लाकडाच्या ठोकळ्याने मागे दाबा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. ५ ते ८ मिमी सहज मिळतात. लायनर कापून देणारे गॅरेजवाले भेटतील, त्यांना नाही म्हणा. त्या भोकातून खारं पाणी आणि माती थेट फेंडरच्या आतल्या पत्र्यावर आणि वायरिंगवर जाते. पत्रा आतून सडतो आणि बाहेर फोड दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

काही जण स्टिअरिंगला स्टॉपर लावून वळणच कमी करून देतात. घासणं थांबतं खरं, पण घाटातल्या वळणावर जिथे एका दमात गाडी फिरायची तिथे मागे-पुढे करावं लागतं, आणि वाडीतल्या दोन गडग्यांमधल्या वाटेवर तर पंचाईतच.

आत शॉकअपला लागत असेल तर हा प्रकार गंभीर. भिंत कापली जाऊन टायर धावता फुटू शकतो. ईटी थोडा कमी असलेली रिम किंवा एक साइज अरुंद टायर, हेच खरे उपाय. ३ ते ५ मिमीचा स्पेसर, म्हणजे हब आणि रिममध्ये घालायची चकती, लावतात, पण ५ मिमीचा स्पेसर एम१२×१.२५ च्या नटाचे चार फेरे खातो. उरलेले फेरे नऊहून कमी होत असतील तर लांब स्टड घालावे लागतात. ॲल्युमिनियमच्या वॉशरसारखे पातळ, हबवर न बसणारे स्पेसर तर नकोतच.

मागे, भरलेल्या गाडीत, फेंडरच्या आतल्या कडेला लागणं ही कोकणातली सर्वसाधारण तक्रार. स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी थोडी उंच करतात. त्याने मागचं घासणं कमी होतं, पण रिकाम्या गाडीत मागचा प्रवासी उसळत राहतो. पुढचं, वळताना होणारं घासणं बफरने जात नाही, पुढे घालायला लावणाऱ्याचं ऐकू नका. दुसरा मार्ग फेंडरची आतली कड मशीनने दुमडण्याचा. शहरात ठीक, समुद्रकाठी नाही: दुमडताना रंगाला केसाएवढे तडे जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. करायचंच असेल तर पत्रा गरम करून, हळूहळू, आणि त्याच दिवशी प्राइमर व सीलर मारून. बाहेरून ८ मिमीपेक्षा जास्त लागत असेल तर या खटपटी सोडा आणि रिम बदला.

बसवताना

हबचा टेकणारा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. मधल्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत एकमेकांना धरणार नाहीत. स्टडच्या आट्यांना आणि नटाच्या शंकूला ग्रीस लावू नका, नाहीतर पाना दाखवतो त्यापेक्षा जास्त ताण बसतो.

नट हाताने बसवा, समोरासमोरचे असे क्रमाने आवळा, चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा ताण टॉर्क पान्याने, म्हणजे किती ताण बसला ते दाखवणाऱ्या पान्याने, द्या. एम१२ नट असलेल्या बऱ्याच हॅचबॅकना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं, फोक्सवॅगन-स्कोडाच्या एम१४ बोल्टना १२०. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा, नव्या अलॉयचे नट थोडे बसतात.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. हवा स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरा, स्टिकरवर तो साइज नसेल तर दोन पीएसआय जास्त. कमी हवेचा टायर जास्त फुगतो आणि जिथे जेमतेम फट आहे तिथे घासतो.

नवे टायर घ्यायचे तर चार घ्या. पुढे एक व्यास, मागे दुसरा, असं झालं की एबीएसचा हिशोब चुकतो. स्टेपनी जुनी ठेवता येते, व्यास जुळत असेल तर: समजा स्टेपनी १६५/८० आर१४ ची आहे, तिचा व्यास ६१९.६ मिमी, १९५/५५ आर१६ शी फरक दीड मिमीसुद्धा नाही. पण लोखंडी स्टेपनीसाठी कंपनीचे मूळ नट डिकीत ठेवा, अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही.

खारी हवा आणि पावसाळा

कापीव चकाकी असलेल्या, ‘डायमंड कट’ रिम किनाऱ्यावर टिकत नाहीत. लाखेला खडा लागून एक टिकली उडाली की त्याखालून पांढऱ्या किड्यासारखी गंजरेघ सरकत जाते. पूर्ण पावडर-कोटिंग केलेली साधी चंदेरी किंवा राखाडी रिम घ्या. पुळणीवर गाडी नेली असेल तर त्याच संध्याकाळी रिमच्या आतल्या पोकळीत गोडं पाणी मारा. तिथे वाळू किंवा चिखल सुकून बसला की ७०–८० च्या वेगाला गाडी थरथरते आणि लोक पुन्हा बॅलन्सिंगला पैसे घालतात.

कागदपत्रांचंही थोडं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ मापांशी जुळत राहिला पाहिजे. कंपनीने मान्य केलेल्या साइजमध्ये राहिलात आणि चाक फेंडरच्या बाहेर आलं नाही तर वादाला जागा राहत नाही. अलॉयची पावती विमा कंपनीला देऊन ॲक्सेसरी म्हणून नोंदवा, नाहीतर चोरी झाल्यावर फक्त मूळ लोखंडी चाकांचे पैसे मिळतात.

मृग लागण्याआधी आणि दिवाळीनंतर एकदा चारही चाकं काढा, हब पुसा, लायनरचे क्लिप मोजा, मागची माती धुऊन काढा. चाक हबला चिकटून निघत नसेल तर त्यावर हातोडा चालवू नका. नट एकेक फेरा सैल करून गाडी खाली घ्या आणि दोन मीटर पुढे-मागे ढकला, ते सुटतं.